पगाराचा प्रश्न स्पॅनिशच्या नावाने विचारू नका

पत्र: माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. मराठी माध्यमातून शिकून बी.कॉम. झाला. बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला होता, तो अर्धवट सोडून तीन आठवड्यांपूर्वी एका मिशनरी संघाच्या प्रशिक्षणगृहात दाखल झाला. संघ मूळचा स्पेनचा. पुढच्या वर्षी दक्षिण अमेरिकेत पाठवणार, म्हणून आतापासूनच रोज चार तास स्पॅनिश. फोन फक्त रविवारी, अर्धा तास. गेल्या रविवारी म्हणाला, ‘पप्पा, मला काहीच जमत नाहीये.’ बाकीची मुलं इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे हा मागे पडतोय. मी सरळ सांगितलं, परत ये. स्पॅनिश शिकतोच आहे तर त्याचं सर्टिफिकेट कुठून मिळेल, कंपनीत पगार किती मिळेल आणि बँकेच्या परीक्षेचं वय निघून तर जाणार नाही ना, हे कळवावं. आपण त्याला फोनवर समजावलंत तर उपकार होतील. – एक वडील, मरोळ

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं होतं, जागेअभावी इथे त्याचा सारांश दिला आहे. सारांशात न आलेल्या दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात, कारण त्या वाचून मी कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. पहिली गोष्ट, आईच्या बीपीच्या मशीनचे फोटो तुम्ही तिथल्या फादरना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता, ‘मुलाला दाखवा’ असं लिहून. दुसरी, रविवारचा फोन तुम्ही स्पीकरवर टाकता आणि त्या वेळी बँकेत नोकरीला असलेल्या मामांना मुद्दाम घरी बोलावून ठेवता.

म्हणजे घर सोडून तीन आठवडे झालेला मुलगा आठवड्यातून एकदा घरी फोन करतो आणि पलीकडे इंटरव्ह्यूचं पॅनल बसलेलं असतं. गेल्या रविवारी त्याने जे सांगितलं ते तुम्हीच सविस्तर लिहिलंय. सकाळच्या प्रार्थनेत ‘हे आमच्या पित्या’ स्पॅनिशमधून म्हणायची त्याची पाळी होती. दुसऱ्या ओळीवर तो अडकला. सगळे शांत उभे राहिले, कुणीच पुढची ओळ सांगितली नाही आणि शेवटी तो खाली बसला. हे त्याने मामांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं. त्यावर तुमचं उत्तर होतं, ‘मग परत ये.’ पुढच्या वेळी असं काही झालं तर तो तुम्हाला सांगणार नाही, एवढं मात्र तुम्ही पक्कं केलंत.

तरुण मिशनऱ्याचे पहिले दिवस असेच जातात. गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईत उतरले, तेव्हा २४ वर्षांचे होते. त्यांचे सुरुवातीचे महिने मराठी शिकण्यात गेले. शिकलेला, पदवी घेतलेला माणूस ‘ळ’ आणि ‘ण’ घोटत बसलेला डोळ्यांसमोर आणा. नवी भाषा मोठ्या माणसाला काही काळ चार वर्षांचं पोर करून टाकते. विनोद करता येत नाही, रागावता येत नाही, मीठ हवं असेल तर बोट दाखवावं लागतं. याला ‘जमत नाही’ म्हणत नाहीत, सुरुवात म्हणतात.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज. मराठी माध्यमामुळे तो मागे पडतोय, असं तुम्ही तीनदा लिहिलंय आणि एकदा तर ‘माझीच चूक’ असंही म्हटलंय. तास इंग्रजीतून होत असणार, त्यामुळे शिकवणाऱ्यांच्या सूचना समजायला त्याला दोन क्षण जास्त लागत असतील, हे मान्य. पण स्पॅनिशच्या बाबतीत मराठी हे ओझं नाही, शिदोरी आहे. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी वळणाची जीभ तिथे ट आणि ड करत बसते. नाम स्त्रीलिंगी झालं की विशेषण बदलतं, ‘बुएनो’चं ‘बुएना’ होतं. चांगला-चांगली म्हणणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘मे गुस्ता एल पेस्कादो’ हे वाक्य इंग्रजीतून विचार करणाऱ्याला उलटं वाटतं, कारण त्यात आवडणारा माणूस कर्ताच नाही. मराठीत ते सरळ आहे: मला मासा आवडतो. ‘मे’ म्हणजे ‘मला’, विषय संपला. आणि तो ज्या प्रार्थनेत अडकला तिचंच घ्या. ‘वेंगा आ नोसोत्रोस तू रेइनो’ यातलं ‘वेंगा’ हे इच्छा दाखवणारं रूप शिकवताना शिक्षक घामाघूम होतात. तुमच्या मुलाने ते लहानपणापासून जपमाळेच्या वेळी रोज म्हटलंय: ‘तुझे राज्य येवो’. येवो म्हणजेच वेंगा. त्याला खरं जड जाईल ते वेगळंच. आपल्या एका ‘आहे’साठी तिकडे सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. ‘मी मरोळचा आहे’ म्हणताना एक, ‘मी आजारी आहे’ म्हणताना दुसरं. तिथे सगळेच चुकतात, इंग्रजी माध्यमवालेसुद्धा.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. आयबीपीएस क्लार्कला २८ आणि पीओला ३० वर्षांपर्यंत बसता येतं, एमपीएससीला खुल्या गटातून ३८ पर्यंत. तो २२ चा आहे. काहीही निघून जात नाहीये.

सर्टिफिकेटचंही तसंच. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाची ‘देले’ परीक्षा ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांवर होते. कंपन्या दारात उभं करतात ते चौथ्या पातळीच्या, म्हणजे बी-टूच्या आसपास, आणि तिथे पोहोचायला रोज मेहनत करूनही वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. शिवाय तो शिकतोय ती भाषा आजाऱ्याजवळ बसायची, अंत्यविधीत दोन शब्द बोलायची, कबुलीजबाब ऐकायची. बिलांच्या तक्रारी सोडवायची स्पॅनिश वेगळी असते. एकीच्या तासाला बसवून दुसरीचा पगार विचारू नका.

पगार हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आलाय (मी मोजला, सवय आहे). तो आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ आहे, पण तिथे ते क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणे. शब्द तोच, पैसे जाण्याची दिशा मात्र उलटी.

यावरून तिसऱ्या पानावरच्या त्या एका ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: निवृत्तीला चार वर्षं, घराचा हप्ता अजून नऊ वर्षं. दादा, खरा प्रश्न हा आहे. तो लाजिरवाणा अजिबात नाही. मात्र तो स्पॅनिशच्या, मराठी माध्यमाच्या आणि आईच्या बीपीच्या आड लपवून मुलाला विचारला जातोय. त्याला ते कळत नसेल असं समजू नका.

उत्तरही स्पष्टच देते. कॅथलिक संघात माणूस दारिद्र्याचं व्रत घेतो, त्याची कमाई संघाची होते. तो या वाटेवर टिकला तर घराचा हप्ता तो भरणार नाही. हे गृहीत धरून हिशेब करा, आणि आजच करा. कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी रक्कम भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. चार वर्षांत थोडं थोडं मुद्दल खाली आणता येईल. मामा बँकेत आहेत ना? रविवारी त्यांना बोलवा, पण या कामासाठी बोलवा. आणि हा हप्ता गुपचूप अकरावीतल्या धाकटीच्या खांद्यावर सरकवू नका. ‘आता तीच आमचा आधार’ हे वाक्य तुमच्या पत्रात आहे आणि मला ते बीपीच्या फोटोंइतकंच खटकलं.

गेला तो कायमचाच गेला, ही भीतीही खरी नाही. तो अजून उमेदवार आहे. पुढचं नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ, किमान बारा महिन्यांचं असतं आणि त्यातून केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक त्याला धर्मनियमानेच दिली आहे. त्यानंतरची पहिली व्रतंही ठरावीक मुदतीची असतात, कायमच्या व्रतांना वर्षं जातात. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं की नाही हे तपासायलाच तर हा एवढा काळ ठेवलेला असतो. त्याची तपासणी त्याला करू द्या.

मी या वाटेची वकिली करतेय असं वाटून घेऊ नका. मी श्रद्धाळू बाई नाही, आणि संघाला प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मात्र ते उपयोगाचे विचारा. आजारपणाचा विमा आहे का, परदेशात पासपोर्ट कुणाच्या ताब्यात असेल, उद्या तो बाहेर पडला तर परतीच्या तिकिटाचं आणि सुरुवातीच्या महिन्यांचं काय. बाहेर पडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, संघाने त्याच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं एवढंच नियमात आहे. म्हणून हे आधीच विचारून लेखी घ्या. पदवीची आणि मार्कशीटची मूळ कागदपत्रं तुमच्या कपाटातच राहू द्या, तिकडे प्रती द्या.

त्याला समजावायला मी फोन करणार नाही. त्याने मला काहीच विचारलेलं नाही. विचारावंसं वाटलं तर तो स्वतः लिहील, तेव्हा त्यालाही असंच रोखठोक उत्तर मिळेल.

या रविवारी स्पीकर बंद ठेवा. पहिली पंधरा मिनिटं आईला द्या आणि तुम्ही तोवर गॅलरीत जाऊन बसा. तुमची पाळी आली की त्याला ती प्रार्थना म्हणायला सांगा. जिथे अडकेल तिथे तुम्ही मराठीतली ओळ म्हणा. ती तर तुम्हाला पाठ आहे.