असेंबल डेस्कटॉप : हप्त्यांवर, की एफडी मोडून?

कर्वेनगरमधील एक वाचक घरूनच इंटिरियर डिझाइनची कामे करतात. महिन्याला सरासरी ७०,००० रुपये मिळतात, घरखर्च ४५,००० आहे, अडीअडचणीसाठी २,४०,००० ची एफडी आहे आणि ८०,००० यंत्रासाठी बाजूला काढलेले आहेत. लॅपटॉप थ्रीडी व्ह्यू पेलत नाही म्हणून रेंडरिंग, म्हणजे आराखड्यावरून खरे वाटेल असे चित्र तयार करण्याचे काम, बाहेरून करून घेण्यात दरमहा ९,००० जातात. तपकीर गल्लीतील एका दुकानदाराने डेस्कटॉपचे १,६८,००० चे कोटेशन दिले आहे. एफडी मोडावी, की बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

यंत्र घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कोटेशनबद्दल आहे. बाहेर जाणारे ९,००० वाचणार असतील, तर १,६८,००० वसूल व्हायला जवळपास एकोणीस महिने लागतील. यादीतील २४,००० चा नवा मॉनिटर तूर्त वगळा, कारण आपला जुना चोवीस इंची चालू स्थितीत आहे. दिव्यांचे कॅबिनेट आणि लिक्विड कूलर यांऐवजी साधे हवेशीर कॅबिनेट आणि एअर कूलर घेतल्यास दुकानदाराच्याच दरांनी १३,००० वाचतात. ग्राफिक कार्डाला मात्र हात लावू नका. कार्डावर रेंडर करताना सीन, म्हणजे खोलीचे सगळे थ्रीडी मॉडेल, त्याच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. तो मावला नाही की रेंडर रखडते किंवा बंद पडते, म्हणून आठऐवजी सोळा जीबीचे कार्ड घेण्याचा आपला विचार योग्यच आहे.

एका वस्तूवर उलट खर्च वाढवायला सांगतो. दुकानदार ६०० व्हीएचा यूपीएस फुकट देत आहे. असे यूपीएस साधारणपणे ३६० वॉट पेलतात. रेंडर चालू असताना १८० वॉटचे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेला टेकतात, आणि वीज गेली की ज्यासाठी यूपीएस घेतला त्याच क्षणी तो मान टाकतो. त्याऐवजी ६,००० जास्त देऊन १००० व्हीएचा घ्या. एकूण हिशेब १,३७,००० वर येतो आणि वसुली सव्वापंधरा महिन्यांत होते.

आपण करबचतीचाही उल्लेख केला आहे, पण ती इथे नाही. आपण गृहीत उत्पन्नाच्या योजनेत निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता. त्यात घसारा धरलेलाच असतो, आणि ४,२०,००० च्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत मुळात कर लागत नाही. जीएसटीची नोंदणी नसल्यामुळे किमतीतील सुमारे २०,९०० रुपयांचा जीएसटीही परत मिळणार नाही. म्हणून बिनबिलाने घेण्याचा मोह होईल, तो टाळा. असेंबल यंत्रात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि ती मागायला सीरियल नंबर लिहिलेले पक्के बिलच लागते.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते, शिवाय रोखीने घेताना घासाघीस करून जे सुटते तेही हातचे जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे मूळ कोटेशनवर बसणारा दरमहा १४,००० चा हप्ता. पितृपक्षात नवी कामे कोणी सुरू करत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बँक मात्र तिथी पाहत नाही.

एफडी मोडली, तर मुदतीपूर्वीचा दंड बसेल. त्यापेक्षा बाजूला काढलेले ८०,००० वापरा आणि उरलेल्या ५७,००० साठी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून लागेल तसे उचलायचे कर्ज, घ्या. त्याचा दर सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि वापरलेल्या रकमेवरच, वापरलेल्या दिवसांपुरते व्याज लागते. वाचणारे ९,००० दरमहा तिकडे वळवले, तर सात महिन्यांत खाते मोकळे होईल. एखादा महिना कोरडा गेला, तर त्या महिन्यात कमी भरता येईल. तोवर आपली गंगाजळी सव्वापाचऐवजी चार महिन्यांच्या घरखर्चाची उरते, आणि एवढी जोखीम मला मान्य आहे. नवा मॉनिटर हे खाते शून्यावर आल्यानंतरच घ्या.