पावतीची मुदत संपते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी अमेरिकेतील वाचकांची असून ती एकाच विषयावर आहेत : क्रेडिट युनियनमधील, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या सहकारी वित्तसंस्थेतील, मुदत ठेव संपत आली की नेमके काय करावे. आरंभी शब्दांचा एक घोळ दूर केलेला बरा. बँकेत ज्याला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट किंवा सीडी म्हणतात, त्याला क्रेडिट युनियनमध्ये शेअर सर्टिफिकेट असे नाव आहे, कारण तेथे ठेवीदार हा सभासद, म्हणजेच संस्थेचा भागधारक असतो. त्यामुळे त्यावर मिळते ते ‘व्याज’ नसून ‘लाभांश’ असतो. करखाते मात्र या लाभांशाला व्याजच समजते, आणि आपले वाचक दोन्हींना सरसकट ‘पावती’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

प्रश्न : क्रेडिट युनियनमध्ये माझी ४०,००० डॉलरची तेरा महिन्यांची पावती होती. ती संपली तेव्हा आम्ही भाच्याच्या लग्नासाठी कोल्हापूरला होतो. परत येऊन पाहतो तो पावती परस्पर बारा महिन्यांसाठी पुन्हा गुंतवलेली, आणि तीही २.७५ टक्क्यांनी! तीच युनियन आज अकरा महिन्यांच्या विशेष पावतीवर ४ टक्के देत आहे. मुदत संपून अठरा दिवस झाले आहेत. मी कोठेही सही केलेली नसताना असे करता येते का? आता ही पावती मोडावी की वर्षभर गप्प बसावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सही आपण केली होती, पण ती तेरा महिन्यांपूर्वी, पावती उघडताना. त्या वेळच्या कागदांत ‘मुदतीअखेर सूचना न मिळाल्यास आपोआप नूतनीकरण’ अशा अर्थाचे कलम बहुतेक ठिकाणी असते. आपल्या मनात भारतातील सवय घर करून असते. तेथे नूतनीकरणाची सूचना दिलेली नसेल आणि मुदत संपलेली रक्कम कोणी मागितली नाही, तर ती पडून राहते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१च्या नियमाप्रमाणे त्या काळात बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यांतील जो कमी असेल तो मिळतो. थोडे नुकसान होते, पण पैसे हाताशी असतात. येथे आपल्या मौनाचा अर्थ ‘पुन्हा गुंतवा’ असा घेतला जातो, आणि पुढच्या मुदतीसाठी पैसे कुलूपबंद होतात.

दर इतका कसा उतरला, याचे उत्तर ‘तेरा महिने’ या विचित्र आकड्यात आहे. सात, अकरा, तेरा, सतरा अशा आडमुदतींच्या पावत्या बहुधा नवे पैसे खेचण्यासाठी काढलेल्या विशेष योजना असतात. मुदत संपली की ती पावती विशेष योजनेतून बाहेर पडते आणि जवळच्या नेहमीच्या मुदतीत, नेहमीच्या दराने बसवली जाते. म्हणजे दुकानातील सेलची किंमत एकदाच, पुढच्या खेपेला छापील भाव. त्यातच व्याजदरांचा एकूण कलही उतरता राहिला. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२३च्या जुलैमध्ये आपला दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला होता. सप्टेंबर २०२४पासून तो उतरवायला सुरुवात केली आणि त्या वर्षाअखेर तो ४.२५ ते ४.५० वर आला. पुढे २०२५मध्येही कपात चालूच राहिली.

युनियनने आपल्याला आधी कळवायला हवे होते, हे खरे. राष्ट्रीय क्रेडिट युनियन प्रशासनाच्या, म्हणजे एनसीयूएच्या नियमांनुसार आपोआप नूतनीकरण होणाऱ्या, एका महिन्याहून अधिक मुदतीच्या पावतीची सूचना मुदतीच्या किमान ३० दिवस आधी जावी लागते. मात्र युनियन मुदतीनंतर दंडाविना पैसे काढायला किमान पाच दिवसांची सवलत देत असेल, तर ती सवलत संपण्याच्या किमान २० दिवस आधी सूचना धाडली तरी चालते. म्हणजे सवलत दहा दिवसांची असेल, तर पत्र मुदतीच्या जेमतेम दहा दिवस आधी निघाले तरी ते नियमात बसते. शिवाय दर तोवर ठरलेला नसेल, तर पत्रात दराचा आकडाच नसतो. ‘अमुक तारखेनंतर या क्रमांकावर विचारा’ एवढेच असते. असे आकड्याविना आलेले पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात मिसळून कचऱ्याच्या निळ्या डब्यात जाते, हे मी स्वतःच्या घरी अनुभवले आहे. आपण कागदी टपाल बंद केले असेल, तर हीच सूचना ऑनलाइन खात्यातील संदेशपेटीत न उघडलेली सापडेल. ती पाठवल्याची तारीख पाहून घ्या. ती नियमाबाहेर असेल, तर आपली बाजू भक्कम आहे.

तारीख नियमात असली तरी आधी फोन करावा. सवलत दहा दिवसांची असेल, तर ती उलटून आठच दिवस झाले आहेत. आपण परदेशी होतो हे सांगून, दंड न लावता विशेष योजनेत घ्याल का, असे शांतपणे विचारावे. तो आपला हक्क नव्हे, पण आठ दिवसांचा उशीर आणि आठ महिन्यांचा उशीर यांत कर्मचारीही फरक करतात.

नकार मिळाला, तर हिशेब करा. समजा, दंड ९० दिवसांच्या लाभांशाइतका आहे. ४०,००० डॉलरवर २.७५ टक्क्यांनी तो सुमारे २७१ डॉलर होतो. अठरा दिवसांत जमलेला लाभांश ५४ डॉलरच असल्यामुळे उरलेले २१७ डॉलर मुद्दलातून जातील आणि हाती ३९,७८३ येतील. हे पाहून पोटात गोळा येतो आणि बहुतेक जण येथेच थांबतात. पण तेच ३९,७८३ अकरा महिने ४ टक्क्यांनी ठेवले, तर ते सुमारे ४१,२४० होतात. पावती न मोडता त्याच दिवशी आपल्याकडे सुमारे ४१,०६० असतील. म्हणजे मुद्दल कापून घेऊनही पावणेदोनशे डॉलरचा फायदा. दंड १८० दिवसांचा असेल, तर हेच गणित उलटते आणि शंभरेक डॉलरचा तोटा होतो. तेव्हा दंड किती दिवसांचा, हा एकच प्रश्न विचारून मग निर्णय घ्यावा. भरलेला दंड १०९९-आयएनटी या, व्याजाची माहिती देणाऱ्या कराच्या फॉर्मच्या दुसऱ्या चौकटीत येतो आणि विवरणपत्राच्या शेड्यूल १ वर तो उत्पन्नातून वजा होतो. त्यासाठी खर्चाची तपशीलवार वजावट घेण्याची गरज नसते. ही वजावट घ्यायला लोक हमखास विसरतात.

पुढच्या खेपेसाठी ऑनलाइन खात्यात ‘मुदतीअखेरची सूचना’ देण्याची सोय आहे का, ते आजच पाहा आणि ‘रक्कम बचत खात्यात जमा करा’ असे नोंदवून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर मी प्रत्येक पावतीच्या दोन तारखा लिहितो : एक मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधीची, दुसरी सवलत संपण्याच्या आदल्या दिवसाची. मुदतीची खुद्द तारीख मी लिहीत नाही, कारण त्या दिवशी करण्यासारखे काही नसते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. माझ्या एकट्याच्या नावे एका क्रेडिट युनियनमध्ये २,४५,००० डॉलरची पावती असून ती ४.५ टक्क्यांनी वर्षभरासाठी होती. आता ती संपत आहे. ठेव विम्याची मर्यादा अडीच लाखांची असल्यामुळे ती तशीच चालू ठेवली तर चालेल ना? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : नाही. वर्षाचा लाभांश सुमारे ११,००० डॉलर झाला. नूतनीकरणात तो मुद्दलात मिसळला, की रक्कम २,५६,०००च्या घरात जाते आणि वरचे सहा हजार विम्याबाहेर पडतात. अडीच लाखांच्या मर्यादेत मुद्दल आणि जमलेला लाभांश दोन्ही धरतात. ही मर्यादा २००८ साली एक लाखावरून वाढवण्यात आली आणि २०१०मध्ये कायम झाली.

लाभांश दरमहा त्याच युनियनमधील बचत खात्यात वळवण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी देईल. त्याने काहीही साधत नाही, कारण एकाच युनियनमध्ये एकाच व्यक्तीच्या एकट्या नावावरील सर्व खाती विम्यासाठी एकत्र मोजतात. पावती वेगळी, बचत वेगळी, शाखा वेगळी, असा भेद तेथे नाही. भेद आहे तो मालकीच्या प्रकारांत. संयुक्त खात्यांत प्रत्येक मालकाला स्वतंत्र अडीच लाखांचे संरक्षण मिळते. म्हणजे आपल्या एकट्याचे अडीच, पत्नींच्या एकटीचे अडीच आणि दोघांच्या संयुक्त नावावर पाच, असे एकाच युनियनमध्ये दहा लाख डॉलर सुरक्षित राहू शकतात. मृत्यूनंतर रक्कम कोणाला द्यायची हे खात्यावर नोंदवले, तर तो आणखी एक प्रकार होतो. त्यात दोन मुलांची नावे दिली तर आपल्या त्या खात्याचे पाच लाखांपर्यंत संरक्षण होते. हे सारे बदल सवलतीच्या दिवसांत दंडाविना होतात. एरवी चालू पावतीची मालकी बदलायला युनियन राजी होईलच असे नाही.

दरवाजावर एनसीयूएची पाटी आहे का, तेही पाहा. काही राज्यांत थोड्या क्रेडिट युनियन सरकारी विम्याऐवजी खासगी विमा घेतात आणि त्याच्या पाठीशी अमेरिकन सरकार नसते. महाराष्ट्रात सहकारी बँक आणि पतसंस्था यांत जो फरक आहे, त्याची येथे आठवण होते : बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, आणि पाट्या मात्र शेजारी शेजारी सारख्याच दिसतात.

आपण कॅलिफोर्नियात राहता म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. पावतीच्या लाभांशावर राज्याचाही प्राप्तिकर लागतो. अमेरिकन केंद्र सरकारच्या ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांच्या, व्याजावर तो लागत नाही. दोहोंचे दर जवळजवळ सारखे असतील, तर कर वजा जाता बिलेच सरस ठरतात. मुदत संपते तेव्हाच ही तुलना करता येते, म्हणून ती आत्ता करावी.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. माझी पारंपरिक आयआरए (वैयक्तिक निवृत्ती) खात्यातील पावती संपत आहे. दुसऱ्या युनियनचा दर चांगला असल्यामुळे धनादेश घेऊन तिकडे भरू का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : धनादेश आपल्या नावाने घेऊ नका. नव्या युनियनकडून हस्तांतराचा अर्ज भरून घ्या, म्हणजे रक्कम एका विश्वस्ताकडून दुसऱ्याकडे थेट जाईल. पैसे आपल्या हाती आले, तर ६० दिवसांत भरण्याचे बंधन येते आणि अशी सवलत बारा महिन्यांत एकदाच मिळते. ती चुकली, तर सारी रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाईल आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असल्यामुळे वर दहा टक्के जादा कर बसेल. हस्तांतराला वेळ लागतो, म्हणून अर्ज मुदतीच्या आधीच द्यावा.

प्रश्न : मी अकरा वर्षे एच-१बी व्हिसावर काम केले आणि येत्या जूनमध्ये कायमचा पुण्याला परतत आहे. माझी पावती नोव्हेंबरमध्ये संपते. दंड भरून आधीच मोडावी का? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : पाच महिन्यांसाठी दंड भरण्याचे कारण मला दिसत नाही. परदेशात राहत असताना कमावलेली अशी ठेव भारतात परतल्यावरही बाळगण्यास भारताच्या ‘फेमा’, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे मुभा आहे.

अडचण कायद्याची नसून पत्त्याची आणि फोनची आहे. सूचना जुन्या घरी जाते आणि खात्यात शिरण्यासाठीचा संकेतांक बंद पडलेल्या अमेरिकन क्रमांकावर जातो. म्हणून निघण्याआधी एक दिवस शाखेत बसून कामे उरका. परदेशी पत्ता चालतो का ते विचारा, क्रमांक चालू राहील अशी व्यवस्था करा, आणि नूतनीकरण नको, रक्कम बचत खात्यात टाका, अशी सूचना लेखी देऊन तिची पोच घ्या. रक्कम पुण्याच्या खात्यावर पाठवण्याचा अर्ज परदेशातून करता येतो की प्रत्यक्ष यावे लागते, हेही त्याच बैठकीत विचारा.

करासाठी आपण अनिवासी झालात, की डब्ल्यू-८बेन हा, आपण परदेशी असल्याचे सांगणारा फॉर्म युनियनला द्या. अमेरिकेत कोणताही व्यवसाय नसलेल्या अनिवासी परदेशी व्यक्तीच्या क्रेडिट युनियनमधील ठेवीवरील व्याजाला तेथे प्राप्तिकर लागत नाही. भारतात, मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे आपण अनिवासी असाल, किंवा मागील सात वर्षांत भारतातील मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा अधिक नसेल, तर आपण ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेले’ ठरता आणि या परदेशी व्याजावर भारतातही कर येत नाही. तो दर्जा संपल्यावर मात्र हे व्याज भारतात करपात्र होईल आणि खाते उरले असल्यास विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागेल.

नोव्हेंबरमध्ये पैसे पुण्याला आणताना सभासदत्वाचा जो भाग असतो, बहुधा पाच किंवा पंचवीस डॉलरचा, तो शेवटपर्यंत काढू नका. तो काढला की सभासदत्व संपते, आणि डिसेंबरचा उरलासुरला लाभांश किंवा जानेवारीतील कराचा फॉर्म यांसाठी ज्या खात्यात शिरायचे, ते खातेच तोवर बंद झालेले असते.