अ‍ॅपमधला लाकूड-चामड्याचा देखावा अचानक का गेला?

त्याचं काम संपलं होतं म्हणून. आयफोन-आयपॅड ज्या प्रणालीवर चालायचे त्या आयओएसच्या ६ व्या आवृत्तीपर्यंत आयफोनच्या नोट्स पिवळ्या रेघी वहीसारख्या दिसायच्या, आयबुक्स या पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये लाकडी फळ्या होत्या. आयपॅडच्या कॅलेंडरला तर वर चामड्याची पट्टी आणि तिच्याखाली फाडलेल्या पानांचे कपटेसुद्धा! हेच स्क्यूओमॉर्फिक डिझाइन, म्हणजे पडद्यावर खऱ्या वस्तूंची नक्कल. टचस्क्रीन नवी असताना त्याचा खरोखर उपयोग झाला. उठावदार बटण दिसलं की इथे दाबायचं, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. लोक सरावले आणि तो साज नुसती जागा अडवू लागला. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये विंडोज फोन ७ या फोनच्या प्रणालीत असा साज काढून पडद्यावरचं डिझाइन सपाट केलं, २०१३ मध्ये आयओएस ७ आणून अ‍ॅपलही त्याच वाटेने गेलं.

माझ्या मते मात्र तिथे सपाटपणाचा अतिरेक झाला. बटण कुठलं आणि साधा मजकूर कुठला हेच कळेना, वयस्कर लोकांचे तर हालच. आयओएस ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवण्याची वेगळी सेटिंग द्यावी लागली, यातच सगळं आलं. गूगलच्या २०१४ च्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-पद्धतीने देखावा टाळून फक्त सावली आणि उंची ठेवली. मला तोच मार्ग पटतो. बाकी, फोटो काढताना येणारा शटरचा आवाज हाही त्याच जुन्या पद्धतीचा भाग आहे आणि तो अजून टिकून आहे.