व्हिसा आहे, पण कागद पुरे आहेत का?

प्रश्न: माझ्या पासपोर्टची मुदत संपायला चार महिने आहेत. सहल दहाच दिवसांची. एवढ्यासाठी नवा पासपोर्ट काढायचा का?

उत्तर: काढाच. सहल किती दिवसांची यापेक्षा मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात, ते महत्त्वाचं. सिंगापूर किंवा इंडोनेशियाला पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे तिथे तुमचा पासपोर्ट चालणारच नाही. युरोपातले शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारा गट) तिथून बाहेर पडण्याच्या दिवसापासून तीन महिने मोजतात. आज अर्ज केलात, नेहमीच्या १५ दिवसांत व्हिसा मिळाला आणि लगेच निघालात, तर परतताना तीन महिन्यांवर जेमतेम चार-पाच दिवस उरतील. व्हिसाचा निर्णय आठवडाभर लांबला की गणित फसलं. शेंगेनला पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा लागतो आणि त्यात दोन पानं कोरी असावी लागतात, तेही पाहून घ्या.

जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर तो वाया जात नाही. नवा आणि जुना, दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. व्हिसाचं पान फाडू किंवा सोडवू मात्र नका, त्याने तो रद्द समजला जातो.

प्रश्न: आई-वडील दोघेही सत्तरीच्या घरातले. वडिलांना रक्तदाब आणि मधुमेह. विमा एजंट म्हणतो, ‘फॉर्मवर आजार लिहू नका, हप्ता वाढेल.’ काय करावं?

उत्तर: आजार लिहा आणि एजंट बदला. दावा आला की विमा कंपनी आधीच्या उपचारांचे कागद मागते. परदेशी रुग्णालयाच्या केसपेपरवरही पहिल्याच पानावर ‘रोजची औषधं’ ही नोंद असतेच. तिथे रक्तदाबाची गोळी दिसली आणि फॉर्मवर ‘आजार नाही’ असेल, तर हृदयविकाराचा दावा हमखास अडतो. हप्त्यात वाचलेली रक्कम त्यापुढे काहीच नाही.

पॉलिसीत तीन जागा बारकाईने वाचा. पहिली, आधीपासूनच्या आजारांचं कलम: बऱ्याच पॉलिसी अशा आजारावर फक्त जिवावर बेतल्यावरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. दुसरी, उपमर्यादा: विमा एक लाख डॉलरचा दिसतो, पण ज्येष्ठांसाठी खोलीभाडं, शस्त्रक्रिया, आयसीयू यांना वेगवेगळी कात्री लावलेली असते. तिसरी, डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च, दुर्दैवाने मृत्यू झाला तर पार्थिवाचाही, धरलेला असावा. आमच्या मते हा आकडा व्हिसापुरता ठीक. अमेरिकेसाठी अजिबात पुरा पडणार नाही. तारखा घेताना परतीच्या पुढे दोन-तीन दिवस जास्त घ्या, कारण विमान रद्द झालं तर मधल्या काळात माणूस विम्याशिवाय राहतो. रुग्णालयात दाखल होण्याआधी, निदान २४ तासांत, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन झालाच पाहिजे. हा क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या पाकिटात वेगवेगळा ठेवा. फोन हरवतो किंवा नेमका तेव्हाच बंद पडतो.

बॅगेचं थोडक्यात: बॅग आली नाही किंवा मोडून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडून ‘पीआयआर’ हा तक्रारीचा कागद घ्या. विमानप्रवासाच्या भरपाईबद्दलच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग ताब्यात आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते.

प्रश्न: स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली. मधल्या देशात फक्त विमान बदलायचं आहे. व्हिसा लागेल?

उत्तर: लागण्याची शक्यता मोठी. एकाच तिकिटावर बॅग सहसा शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. वेगळ्या तिकिटांवर ती बहुतेक वेळा मध्येच उतरते आणि बॅगांचा पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे. ती घ्यायला जाणं म्हणजेच त्या देशात प्रवेश करणं. अमेरिकेत तर एकच तिकीट असलं तरी इमिग्रेशन चुकत नाही, त्यामुळे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. ज्यांना व्हिसामाफी आहे त्यांनाही आधी ‘एस्टा’ परवानगी काढावी लागते.

आणि हे सगळं अडतं ते निघतानाच. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, शिवाय त्याला परतही आणावं लागतं. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी ‘टिमॅटिक’ या प्रणालीत प्रत्येक देशाचा नियम पाहूनच बोर्डिंग पास देतो. तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. तिकीट काढण्याआधीच कंपनीला विचारा, उत्तर ईमेलवर मागा.

प्रश्न: रोजची औषधं किती आणि कशी न्यावीत?

उत्तर: मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि औषधाचं जेनेरिक नाव लिहिलेल्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. खरी गोची साध्या वाटणाऱ्या औषधांची होते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी जपानमध्ये चालत नाही, आणि महिन्याहून जास्त पुरणारी प्रिस्क्रिप्शनची औषधं तिथे न्यायची तर आयातीचा दाखला आधी काढावा लागतो.

प्रश्न: पीतज्वराची लस निघायच्या आदल्या दिवशी घेतली तर?

उत्तर: काही देश मागतात ते लशीचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे त्या दिवशी ते निरुपयोगी. एकदा लागू झालं की आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी २०१६ पासून ती धरत नाहीत. पीतज्वराचा धोका असलेल्या देशात विमानतळावरच १२ तासांहून जास्त थांबलात, तरी पुढचा देश हे कार्ड मागू शकतो.