आधी मुद्दा, मग भाषा

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांवरचा तुझा निबंध वाचला. भाषा छान आहे, पण तुला म्हणायचंय काय, ते सापडेना. ‘महाराजांनी शिक्षणासाठी मोठं कार्य केलं’ हे बडोद्यात शेंबडं पोरही सांगेल. त्यावर वाद कोण घालणार? त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं आणि १९१० पासून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. आता असं म्हणून बघ: ‘शाळेत गिरवलेली अक्षरं टिकली ती गावोगावच्या वाचनालयांमुळे.’ हे कुणी खोडून काढू शकतं, म्हणूनच ते सिद्ध करण्यात मजा. मग जो परिच्छेद या विधानाच्या कामाचा नाही तो काढ, कितीही लाडका असो. (लक्ष्मीविलास राजवाड्याचं वर्णन सगळ्यात आधी!)

दुसऱ्याचा निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घ शेवटी. आधी त्याचा मुद्दा तुझ्या शब्दांत एका ओळीत समासात लिही. तो ‘मला हे म्हणायचंच नव्हतं’ म्हणाला, तर निम्मं काम झालं. ‘मस्त जमलंय’ हा अभिप्राय नव्हे. ‘तिसऱ्या परिच्छेदात पुरावा संपतो आणि नुसतं कौतुक सुरू होतं’ असं नेमकं बोट ठेव. दुरुस्तीचं वाक्य मात्र त्यालाच लिहू दे.