नाही म्हटलेल्या गिऱ्हाइकांची वही

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बाबा मसाला कुटून देण्याच्या दुकानात नवीन काही करूच देत नाहीत, ही तुझी तक्रार. मला ती अर्धीच पटली.

लालबागच्या मसाला गल्लीतलं गिऱ्हाईक किती बदललंय ते बघ. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं डोंबिवली-बदलापूर-विरारला पांगली. तरी मार्च लागला की त्याच घरांतल्या बायका लोकल पकडून मिरची घ्यायला इथेच येतात. एवढ्या उलथापालथीत ज्याने दुकान टिकवलं, त्याला बदलाची धास्ती असेल असं मला वाटत नाही. त्याला धास्ती आहे सीझन वाया जाण्याची. तुमची वर्षाची कमाई मार्च ते मे, आणि तू ऐन एप्रिलात डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, धडधडत असताना ॲपचा विषय काढलास! मी असतो तर मीही ओरडलो असतो.

तेव्हा यंदाच्या सीझनला काहीच बदलू नकोस. फक्त एक वही कर. गल्ल्याजवळ बसून, ज्या ज्या गिऱ्हाइकाला आपण ‘नाही’ म्हणतो, ते त्यात लिही. ‘अर्धा किलोच कुटून द्याल का?’ नाही. ‘ऊन दाखवायला जागा नाही, तुम्ही वाळवून द्याल?’ नाही. ‘घरपोच?’ नाही. ‘आईची यादी हरवली, आगरी मसाल्याचं प्रमाण सांगाल?’ याला बहुधा हो म्हणत असाल, पण तेही लिही. नवीन कल्पना कुठून आणायची म्हणून तू डोकं खाजवतेस. रोज दहा माणसं ती फुकट सांगून जातात आणि आपण गर्दीत ऐकत नाही.

आता अर्ध्या किलोचंच घे. बाबा नाही म्हणतात ते हट्टाने नव्हे. डंकाच्या उखळीला आणि चाळणीला थोडा मसाला लागून राहतोच. पाच किलोच्या घाण्यात ते खपून जातं, अर्ध्या किलोत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येतं. शिवाय प्रत्येक घाण्यानंतर साफसफाई आलीच. पण वन बीएचकेत राहणाऱ्या दोन माणसांनी पाच किलो मसाला ठेवायचा कुठे? मग असं करून बघ : एका ठरलेल्या वारी एकच मसाला. बुधवारी मालवणी, शनिवारी आगरी. प्रमाण तुमचं, आदल्या दिवसापर्यंत नोंदणी, सगळ्यांचा मिळून एक घाणा, आणि पाव किलोपासून विक्री. पाकिटावर कुटल्याची तारीख ठळक टाक. दुकानातल्या तयार पाकिटापेक्षा तुझं वेगळेपण त्या तारखेतच आहे.

घरपोचचं प्रकरण मात्र वाटतं तितकं सोपं नाही. बायका तुमच्याकडे तास-तास का बसतात, कधी नीट पाहिलंस? नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, खोकला चालू, पण नजर डंकावरून हलत नाही. धणे जरा जास्त भाजले गेले की लगेच ‘ओ दादा, काढा आता!’ आपली ब्याडगी मिरची दुसरीच्या लवंगी मिरचीत मिसळू नये, खसखस-दगडफूल आपलंच परत यावं, यासाठी ती पहारा देते. बदलापूरच्या बाईला घरी बसून मसाला हवा असेल, तर तिला त्या पहाऱ्याची भरपाई दिली पाहिजे. काट्यावर ठेवलेल्या तिच्या मिरचीचा फोटो पाठव, भाजताना आणि कुटताना तिच्या नावाची चिठ्ठी मालासोबत फिरू दे, शेवटी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. फोन तर सगळ्यांच्या हातात आहे. ॲपवर पैसे घालायची गरज सध्या मला दिसत नाही.

भाव ठरवताना देठं विसरू नकोस. देठ काढले की वजन घटतं, उन्हात आणि भाजण्यात आणखी घटतं. किलो मिरचीचा किलोभर मसाला होत नाही. ही घट स्वतः तोलून वहीत मांड. जातीगणिक आणि मालागणिक ती वेगळी येईल. देठ काढणाऱ्या मावशींची मजुरी, पाकीट, कुरिअर, आणि तुझा स्वतःचा पगारसुद्धा त्यात धर. घरच्या माणसाची मेहनत फुकट धरून ‘परवडतंय’ म्हणणारे धंदे मी पुष्कळ पाहिलेत.

करी रोडला मी छापखाना चालवला, त्यामुळे नव्या उद्योजकांची पहिली पायरी माझ्याच दारात पडायची. लेबलं दहा हजार, माल दहा किलो! तू आधी साधा स्टिकर वापर. पण त्यावर काय असलं पाहिजे ते पक्कं कर : अन्नसुरक्षेचा (FSSAI) 14 आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचा ते, दुकानाचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. सुटा मसाला कुटून देणं वेगळं आणि पाकीटबंद विकणं वेगळं, हे बाबांनाही समजावून सांग.

खानावळवाल्यांना माल द्यायची तुझी कल्पना मला आवडली, उधारीची नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर करून घे. 1 जुलै 2020 पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कोणा एजंटला पैसे देऊ नकोस. नोंदणी करताना कुटून-दळून माल तयार करण्याचं काम नीट दाखव, कारण नुसत्या खरेदी-विक्रीला पुढचं संरक्षण मिळत नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या 2024-25 या आकारणी वर्षापासून, मुदत उलटून 31 मार्चला थकलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. आठ हजारांसाठी तू काही कोणाशी भांडत बसणार नाहीस, मला माहीत आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरच्याचा हिशेबनीस जरा सरळ बोलतो. आणि एकाच खानावळीवर निम्मा धंदा कधीही टेकवू नकोस.

चकलीची भाजणी वगैरे सध्या राहू दे. मिरचीचा वास त्या डंकातून जाता जात नाही, वेगळी गिरणी लागेल. दिवाळीला वाटलंच तर शेजारच्या गिरणीवाल्याकडून दळून घेऊन बघ.

बाबांशी बोलायचं ते जूनमध्ये, पाऊस लागून गर्दी ओसरल्यावर. भाषण नको. वही पुढे ठेव आणि त्यांनाच विचार, यातली कोणती माणसं परत गेलेली तुम्हाला जास्त लागली? जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिसली की ते बोलायला लागतील. मग बुधवारच्या घाण्यासाठी पावसाळाभराची मुदत माग. किती पैसे बुडाले की थांबायचं तो आकडा दोघांनी मिळून आधीच लिहून ठेवा, आणि त्या कामाचा गल्ला वेगळा ठेव. नाहीतर दुकानाच्या पैशांत मिसळून गेलं की फायदा झाला की तोटा, यावर दिवाळीपर्यंत वाद घालत बसाल.

भाव काढलास की कागद मला दाखव. दुपारी तीननंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो. आणि येताना पाव किलो मालवणी आण, पैसे देऊन घेईन.

तुझा,
छापखान्यावाले काका