वरून येणाऱ्याला खालचा दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, नुकतीच बढती झाली, हाताखाली दहा माणसं आली, आणि वरिष्ठ म्हणतात, "एकदा स्कीइंग शिकून ये, लीडरशिप म्हणजे काय ते कळेल." यात खरंच काही तथ्य आहे, की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात?

तथ्य आहे. पण ते दोन दिवसांच्या सहलीत हाती लागत नाही, आणि शिकवणारा चांगला नसेल तर मुळीच लागत नाही. माझा अनुभव सांगते, त्यावरून तुम्ही ठरवा.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी सांभाळते. तीन शिफ्टची मिळून बावीस माणसं. विभाग माझ्याकडे आला त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३ च्या जानेवारीत, मी गुलमर्गला चौदा दिवसांचा बेसिक कोर्स केला. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेली असल्यामुळे डोंगरउताराची भीती नव्हती. उलट इतरांपेक्षा मला लवकर जमेल अशी खात्री होती.

झालं नेमकं उलटं. आपल्याकडे मुरमाड घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? वजन मागे टाकतो, गुडघे मोडतो, फारच वाटलं तर सरळ बसून हात टेकत उतरतो. तीच सवय अंगात मुरलेली. स्कीवर मात्र वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, बर्फात रुतत नाहीत. वळवायचं तर त्या पुढच्या भागानेच, आणि तोच हातातून गेलेला. मग दोन्ही स्की सरळ खाली धावत सुटतात. म्हणजे घाबरून मागे झुकावं, तितका वेग वाढतो. आमचे प्रशिक्षक गुलमर्गजवळच्या तंगमर्गकडचे होते, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पहिले तीन दिवस त्यांनी मला दुसरं काही सांगितलंच नाही. "घुटना आगे, मॅडम. पिंडली बूट पे." नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर दाबलेली राहिली पाहिजे, एवढंच. उताराकडे तोंड करून, उताराच्या दिशेने अंग टाकायचं. शरीरातला कणन् कण नको म्हणत असतो.

एका वेळी एकच सूचना, हे त्यांचं मी तिथेच टिपून ठेवलं. मी नव्या इन्स्पेक्टरला पहिल्या दिवशी चौदा गोष्टी सांगत असे आणि त्यातली एक चुकली की वैतागत असे.

मागे झुकायची सवय कामातही होती, हे मला परतल्यावर जाणवलं. कस्टमरकडून तक्रार आली की मी आधी सगळा डेटा जमवायची, मग मेल लिहायची, मग तो मेल दोनदा बदलायची. त्यात दोन दिवस जायचे आणि तोवर तिकडे लाइन थांबलेली असायची. आता तक्रार आली की त्याच दिवशी गाडी काढून त्यांच्या कारखान्यात जाते, हातात उत्तर नसलं तरी. समोर उभं राहिल्यावर निम्मा प्रश्न तिथेच कळतो.

यापेक्षा मोठी गोष्ट स्नो-प्लाऊची. नवशिक्याला सगळ्यात आधी तेच शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. नांगर धरल्यासारखं. ब्रेक लागतो, सावकाश उतरता येतं, उजवीकडे जायचं तर डाव्या स्कीवर भार द्यायचा. चौथ्या दिवशी मला ते छान जमलं आणि मला वाटलं, आपण स्कीइंग शिकलो. सहाव्या दिवशी सरांनी जरा तीव्र उतारावर नेलं. तिथे नांगर पुरेना. मांड्या पेटल्या, वेग आवरेना, आणि तरी मी तेच करत राहिले, कारण मला तेवढंच येत होतं. पुढची पायरी म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं. त्या प्रत्येक वळणात एक क्षण असा येतो, की दोन्ही स्की थेट उताराकडे तोंड करून असतात आणि ब्रेक कुठलाच नसतो. त्या क्षणातून गेलं तरच वळण पुरं होतं. अर्ध्यात घाबरून परत नांगर धरला तर पडायला होतं. मी त्या दोन दिवसांत किती वेळा पडले ते मोजलं नाही.

तुम्हाला बढती मिळाली आहे, म्हणून हे जास्त खोलात सांगते. ज्या गुणामुळे मला विभाग मिळाला, तो गुण म्हणजे माझ्या नजरेतून काही सुटत नाही. इन्स्पेक्टर असताना मी प्रत्येक रिपोर्ट स्वतः वाचायची, शंका आली की पीस परत मोजायची. विभागप्रमुख झाल्यावरही मी तेच चालू ठेवलं. बावीस माणसांचे रिपोर्ट, तीन शिफ्ट. रात्री अकराला फोनवर फोटो मागवून आकडे बघत बसायची. तो माझा नांगर होता. छोट्या उतारावर त्याने मला सांभाळलं होतं, म्हणून तो सोडवत नव्हता. परत आल्यावर मी शिफ्टच्या तीन सीनियर लोकांना सही करायचा पूर्ण अधिकार दिला. पहिले तीन आठवडे अगदी त्या वळणातल्या क्षणासारखे गेले. एक लॉट चुकीचा सुटला, परत आणावा लागला. मी सह्यांचा अधिकार काढून घेतला नाही. आज मागे पाहताना तो निर्णय मला माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड वाटतो.

पहिल्या रविवारी घडलेली एक गोष्ट. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जातो, पहिला कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा अफरवात डोंगराच्या अंगावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर. गुलमर्ग स्वतः २,६५० च्या आसपास. वरचा भाग म्हणजे मोकळा, आखून न दिलेला डोंगर, हिमस्खलनाचा धोका असलेला. आमच्या बॅचमध्ये युरोपात एकदोनदा स्की केलेला एक जण होता, उंच, आत्मविश्वासाने बोलणारा. तो म्हणाला, चला, वर जाऊन येऊ, मी आहे ना. आणि पाच जण तयार झाले. सरांनी शांतपणे एवढंच विचारलं, "आज का बुलेटिन किसने पढ़ा?" हिमस्खलनाच्या धोक्याचं ते पत्रक कुणीच वाचलेलं नव्हतं. कुणीही गेलं नाही.

नंतर मी यावर वाचलं. इयान मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने २००४ मध्ये हिमस्खलनाच्या अपघातांवर एक लेख लिहिला, त्यात हा सापळा त्याने मांडला आहे. गटातला जो वयाने मोठा, स्की चांगली करणारा किंवा नुसताच जास्त ठाम बोलणारा, त्याला बाकीचे जाणकार समजतात आणि बर्फाचं ज्ञान त्याला आहे की नाही हे विचारत नाहीत. मी ते वाचून बराच वेळ बसून राहिले. आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठाम मी बोलत असे. मग कोण वेगळं बोलणार? आता सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, मी शेवटी.

आणि आता नववा दिवस. हे लिहायचं म्हणूनच खरं तर मी तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसले.

वळणं जमायला लागली होती. स्कीवर उभ्याउभ्याच वर ओढून नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टने वर जाऊन मी एकटीच खाली येत होते. वेगात, खुशीत. खाली उताराच्या मधोमध आमच्याच बॅचमधली कॉलेजातली एक मुलगी स्की आडव्या करून श्वास घेत थांबली होती, पाठ माझ्याकडे. मी वरून ओरडले, "साइड! हटो!" तिने दचकून मागे पाहिलं, तोल गेला, ती पडली. मी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले. खाली थांबले तेव्हा मला राग आला होता, आणि तोही तिचा. मधोमध कुणी थांबतं का?

सर जवळ आले. म्हणाले, "उसकी पीठ थी आपकी तरफ. आपको वो दिख रही थी. उसको आप नहीं दिख रही थीं." मग म्हणाले, लिफ्ट न घेता, आडव्या पावलांनी चढत तिच्यापर्यंत जा आणि तिला उठव.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. तिसरा नियम असा, की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची, की पुढच्याला धोका होणार नाही. अरुंद जागी किंवा वरून दिसत नाही अशा जागी थांबू नये, असाही एक नियम आहे, पण आमचा उतार रुंद आणि उघडा होता. तिची चूक कुठेच नव्हती. वर असलेल्याला खालचा दिसतो, वेगही त्याच्याकडे असतो. म्हणून टाळायची जबाबदारी त्याची. त्यात ओरडून सावध करणं बसत नाही.

आडव्या पावलांनी चढायला मला वीस मिनिटं लागली असतील. त्या वीस मिनिटांत मला आमच्याकडचे एक इन्स्पेक्टर आठवत राहिले. चोपन्न वर्षांचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. डिसेंबरात एका भागाचं ड्रॉइंग बदललं होतं, बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा टॉलरन्स, मापात चालणारा फरक, कमी केला होता. मेल सोमवारी मला आला. मी तो ग्रुपवर पुढे ढकलला आणि विसरले. गुरुवारी रात्रपाळीत मामांनी जुन्याच गेजने, म्हणजे माप तपासायच्या साधनाने, सहाशे पीस पास केले. सकाळी मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "मामा, एवढ्या वर्षांचा अनुभव तुमचा, एकदा विचारायचं नाही का?" ते काही बोलले नाहीत. काय विचारणार होते? त्यांची पाठ होती माझ्याकडे. बदल मला दिसत होता, त्यांना नाही.

त्या मुलीला उठवलं, माफी मागितली. ती हसली आणि तिने मला तिच्या खिशातले अक्रोड दिले.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रात्रपाळीला मी लाइनवर गेले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. मामा अवघडले. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. जुने गेज कुठं ठेवायचे ते तेवढं सांगा, परत हाताला यायला नकोत." तेव्हापासून ड्रॉइंग बदललं की मी किंवा शिफ्टचा सीनियर स्वतः लाइनवर जातो, जुना गेज ताब्यात घेऊन कुलपात टाकतो आणि मगच नवा देतो. ही पद्धत मामांच्या त्या एका वाक्यातून आली.

आता तुमच्यापुरतं. जायचं असेल तर टीमबरोबर नाही, एकटे जा. सोबत हाताखालची माणसं असली की पडायचा संकोच होतो, आणि न पडता हे येत नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरा. निदान सात दिवस काढा, जमलं तर चौदा, कारण स्नो-प्लाऊ सोडायची वेळ साधारण दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर येते. गुलमर्ग नको असेल तर उत्तराखंडातलं औली आहे. पहिल्या वर्षी काय जमावं याचं मनात ओझं घेऊ नका. गुलमर्गच्याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. खांबांमधून वळणं घेत उतरायच्या दोन शर्यती: जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला, स्लालममध्ये शर्यत पूर्ण करू शकला नाही. मी गेले तेव्हा तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर त्याचं नाव निघालं की माणसं ताठ बसायची.

महिनाभर आधीपासून मांड्यांचे व्यायाम करा. बूट घेताना सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की सुटली पाहिजेत. मोजे एकच जोडी, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर मधे सुरकुत्या पडून फोड येतात आणि पाय उलट गार पडतो.